बालवाडीतलं धान

आमच्या बैठकीच्या भिंतीवर आजोबा आहेत, आजी आहे, शेगावचे गजानन महाराज आहेत आणि त्यांच्याच रांगेत मी आहे. मी म्हणजे माझं प्रमाणपत्र. सोनेरी वेलबुट्टीची चौकट, दोन संपादकांच्या दोन सह्या (हात एकच), कोपऱ्यात तांबडा शिक्का आणि मधोमध, माझ्या नावाहून ठळक अक्षरांत, 'इम्पॅक्ट फॅक्टर ६.८'. पाहुण्यांनी ते पाहून काहीतरी बोलावं अशी माझी अपेक्षा असते. ती आजवर एकट्या गोंदियाच्या आत्याबाईंनी पूर्ण केली. बायकोच्या या आत्या चष्मा लावून चौकटीजवळ गेल्या, आकडा वाचला आणि मागं वळून म्हणाल्या, "जावईबापू, सहा पॉइंट आठ म्हणजे साखर आहेच. भात सोडा."

भात सोडणं मला परवडणारं नव्हतं. माझं सगळं संशोधनच भातावर आहे.

आम्ही बालाघाटचे. १९५६ साली राज्यांची फेरवाटणी झाली, भंडारा रेषेच्या पलीकडे गेलं, बालाघाट अलीकडे राहिलं. आजोबांची नोकरी अलीकडे होती, त्यांनी सामान हलवलं नाही आणि आम्ही मध्य प्रदेशी झालो. घरात मराठी, काली पुतली चौकात हिंदी, गावाबाहेर दोन कोस गेलं की पोवारी आणि बैहरच्या अंगाला गोंडी. वैनगंगा शिवनीकडून येते, बालाघाटातून खाली गोंदिया-भंडाऱ्याला जाते, तिला कोणी रहिवासी दाखला मागत नाही. तिच्या काठानं धानाचे शब्दही तसेच ये-जा करतात: पऱ्हे, बांधी, धुरा, रोवणी. एका खासगी कॉलेजात समाजशास्त्र शिकवता शिकवता मला वाटलं, या शब्दांवर लिहावं. विषय चांगला होता. तो माझ्या हाती पडला, एवढंच त्याचं दुर्दैव.

लिहायचं कारण मात्र विषय नव्हतं. कारण पदोन्नती होती. आमच्याकडं माणसाची विद्वत्ता गुणांत मोजतात आणि गुण पेपरांवर मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८च्या नियमांत तर दरपत्रकच आहे: विज्ञानवाल्यांना एका पेपरचे ८, आमच्यासारख्यांना १०. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे मी एकट्यानं लिहिला तर जगात १० गुण तयार होतात आणि शेजारच्या खुर्चीवरच्याचं नाव जोडलं की १४. एवढं उत्पादन कुठल्याही खतानं वाढत नाही.

२०१७च्या जानेवारीत यूजीसीनं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. तीत ३८ हजारांवर नावं होती. एवढ्या मोठ्या यादीत आपल्याला जागा नसेल तर दोष आपलाच, असं वाटून मी लेख लिहायला बसलो. दोनच दिवसांत व्हॉट्सॲपवर निरोप आला. (मी लिहायला बसलोय हे त्यांना कसं कळलं, हे कोडं तेव्हा सुटलं नाही. प्रत्येक प्राध्यापकाला रोजच येतो, हे नंतर कळलं.) 'आंतरराष्ट्रीय', 'बहुभाषिक', 'बहुविद्याशाखीय' असे तीन शब्द नावातच असलेलं मासिक, ७२ तासांत प्रकाशन, तज्ज्ञांकडून परीक्षण, आयएसएसएन क्रमांक, प्रमाणपत्र मोफत, फी २,२०० रुपये. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक असतो. स्कूटरला नंबरप्लेट असली म्हणजे ती चालते असं नाही. हे मला माहीत नव्हतं. मी त्या आठ आकड्यांकडं मंगळसूत्राकडं बघावं तसं बघत होतो.

सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी मी लेख पाठवला. ११ वाजून २१ मिनिटांनी तज्ज्ञांचा अहवाल आला: 'उत्कृष्ट. फी भरावी.' एकोणीस मिनिटांत एकोणीस पानं. मी हरखलो. आमच्याकडचं चिन्नोर धान उशिरा पिकतं म्हणून त्याला वास येतो म्हणतात. माझा लेख तीन दिवसांत पिकला. वासाचं मला उशिरा कळलं.

मोहल्ल्यात बातमी पसरली, की गुरुजींचा पेपर छापून आला. आमची थोडी शेती बटईनं करणारे मामा दुसऱ्या दिवशी स्टँडवरून दोन वर्तमानपत्रं विकत घेऊन आले आणि पानं उलटत राहिले. "फोटो कौन से पन्ने पे है, गुरुजी?" त्यांना मी समजावलं, की हा तो पेपर नव्हे, हा फार थोडे लोक वाचतात. "कितने?" मामांनी विचारलं. मी विषय बदलला.

२०१८च्या मे महिन्यात मी वाराशिवनीला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. ताटात मठ्ठा आणि फोनमध्ये पीडीएफ एकदमच आलं. २ मेला यूजीसीनं यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती. माझं आंतरराष्ट्रीय त्यांत होतं. मी मठ्ठा प्यायलो, जिलबीला नाही म्हटलं. यजमानांना वाटलं, खरंच साखर आहे.

पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास 'करंट सायन्स'मध्ये हिशोब मांडला होता. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली आणि मोठ्या सूचींमध्ये नसलेली नियतकालिकं त्यांनी तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची निघाली. विद्यापीठांनी शिफारस केली म्हणजे कोणी केली? आमच्यासारख्यांनीच. ज्याचा लेख ज्या मासिकात, त्याची शिफारस त्या मासिकाला. दुकानदारानं वजनं स्वतःच घडवावीत, तसं.

थोडा धीरही आला, तो परदेशातून. अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा मासिकांना 'शिकारी' हे नाव दिलं होतं, म्हणजे निदान मी शिकार ठरत होतो. मूर्खापेक्षा तो हुद्दा बरा. २०१३ साली जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला बनावट लेख ३०४ नियतकालिकांना पाठवला होता, १५७ जणांनी तो स्वीकारला. ते वाचून मी बायकोला म्हटलं, "बघ, जगभर असंच चालतं." ती म्हणाली, "त्याला फी भरावी लागली का?"

आता पुन्हा लिहिणं आलं. या वेळी ठरवलं, मातृभाषेत लिहायचं. चौकातल्या कंप्युटरवाल्या भैयाकडं गेलो. मध्य प्रदेशात टायपिंग म्हणजे कृतिदेव. भैयाची बोटं रेमिंग्टनच्या पट्टीवर अशी चालायची की पाहत राहावं. 'ळ' आला की मात्र थांबायची आणि तो माझ्याकडं बघायचा, जणू मी त्याच्या दुकानात परकी नाणी खपवतोय. लेख झाला, एका ओळखीच्यानं वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. साम्य: शून्य टक्के! १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं असं २०१८चे नियम म्हणतात. मी शून्यावर होतो. एवढा मौलिक माणूस आमच्या जिल्ह्यात झाला नसेल.

लेख एका नियतकालिकाला पाठवला. दोन दिवसांनी तिथल्या संपादकांचा फोन आला. लेख कोणत्या भाषेत आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कृतिदेव हा नुसता देखावा असतो. आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात, वर देवनागरीचा मुखवटा. ज्याच्याकडं मुखवटा नाही त्याला आतलं दिसतं. संपादकांच्या पडद्यावर माझं बालाघाट 'सी-के-वाय-के-प्रश्नचिन्ह-के-के-व्ही' असं उमटलं होतं. सॉफ्टवेअरलाही तेच दिसलं आणि असलं लिखाण पृथ्वीवर दुसऱ्या कोणी केलेलं नाही, असा त्यानं प्रामाणिक निर्वाळा दिला.

म्हणून तिसऱ्या खेपेला पुन्हा इंग्रजीकडं वळलो. पहिल्याच लेखाला फाटे फोडून तो लांब केला आणि तपासला. साम्य ४३ टक्के. कुणाशी? माझ्याशी. मी स्वतःच्याच घरात शिरून स्वतःचीच भांडी पळवताना सापडलो होतो. ४० ते ६० टक्क्यांच्या चोरीला अध्यापकाची एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं विद्यार्थी मिळत नाहीत. विद्यार्थ्यांचं मला वाईट वाटलं नसतं. त्यातून २०२० साली यूजीसीनं स्वतःचंच पुन्हा छापून गुण घेऊ नका, अशी वेगळी सूचनाही काढली. ती वाचताना ती माझ्याच पत्त्यावर पाठवल्यासारखी वाटली.

तेव्हा लॉकडाऊन होता. घरात बसलेला प्रत्येक प्राध्यापक पेपर लिहीत होता. तोंडावर पट्टी बांधून दुधाच्या रांगेत भेटलेल्या सहकाऱ्यानं तोडगा सांगितला: एक संकेतस्थळ आहे, त्यात लेख टाकायचा, ते शब्द बदलून देतं, अर्थ तोच राहतो. मी टाकला. बारा सेकंदांत साम्य ६ टक्क्यांवर आलं. बदललेला लेख मी वाचला नाही. माझाच लेख, मला माहीत होता.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या कक्षाकडून एव्हाना 'यूजीसी-केअर' ही नवी, पारखलेली यादी चालू झाली होती, २०१९पासून. पोळलेला माणूस मी, यादीत नाव पाहूनच पुढं गेलो. महाराष्ट्रातल्या एका गावाचं जुनं सहामाही नियतकालिक. नाव तेच, क्रमांक तोच, संकेतस्थळ असं झगमगीत की दिवाळी आठवावी. फी ४,५०० रुपये. लेख आठवड्यात छापून आला. छापील अंक काही येईना, म्हणून यादीतला फोन नंबर शोधून लावला. पलीकडून एक वयस्क आवाज आला. "आमचं संकेतस्थळ?" बराच वेळ शांतता. "अहो, आमच्याकडं एक टंकलेखन यंत्र होतं. तेही बिघडलंय."

चोरांनी त्या गृहस्थांच्या मासिकाचं नाव आणि क्रमांक उचलून जुळं दुकान थाटलं होतं. असली इतकी जुळी निघाली की केअरच्या कक्षाला खऱ्या यादीसोबत नकली मासिकांचीही यादी ठेवावी लागली. खऱ्या मासिकाला संकेतस्थळ नाही आणि खोट्याला आहे, हा फरक लक्षात ठेवला असता तर माझे ४,५०० वाचले असते. संपादकांनी नकली अंक मागवला, वाचला आणि रात्री फोन केला. ते हसत नव्हते. "तुम्ही समाजशास्त्राचे की वैद्यकीचे?"

तेव्हा मी माझा लेख पहिल्यांदा वाचला.

मी लिहिलं होतं, की मजूर बाया रोपवाटिकेतले पऱ्हे उपटून ओल्या शेतात वाकून रोवणी करतात. इंग्रजीत मजुरीला आणि प्रसववेदनेला शब्द एकच. रोपवाटिका आणि बालवाडी, तोही एकच. शेत म्हणजे ज्ञानशाखाही होते. आणि रोवणी म्हणजे, काय सांगावं, प्रत्यारोपण. यंत्रानं प्रत्येक शब्दाला निष्ठेनं दुसरा शब्द दिला होता. छापील वाक्याचं मराठी असं होतं: 'प्रसववेदना सुरू असलेल्या स्त्रिया बालवाडीतून काढलेल्यांचं ओल्या विद्याशाखेत वाकून अवयव-प्रत्यारोपण करतात.' पुढच्याच ओळीत होतं, की हे काम पहिला पाऊस पडला की सुरू होतं आणि गावातली सगळी कुटुंबं त्यात आनंदानं सहभागी होतात.

अशा शब्दांना जगात नावही पडलं आहे, 'छळलेले शब्दप्रयोग'. फ्रान्समधले गिओम काबानाक आणि त्यांचे साथीदार २०२१पासून ते वेचतात. त्यांना 'कृत्रिम बुद्धिमत्ते'च्या जागी 'बनावट जाणीव' सापडली, स्तनाच्या कर्करोगाच्या जागी 'उराचा धोका' सापडला, तोही बड्या प्रकाशकांच्या पानांवर. माझ्या प्रसववेदना त्यांच्या नजरेतून सुटल्या, याबद्दल मी आजही गजानन महाराजांना नारळ वाहतो.

एवढं होऊन ते संपादक म्हणाले, "विषय चांगला आहे हो. मराठीत पाठवा. युनिकोडमध्ये." फी? "वर्गणीदार व्हा, दोनशे रुपये." मी लेख पाठवला. एकोणीस मिनिटांत उत्तर आलं नाही. एकोणीस दिवसांतही नाही. दोन महिन्यांनी टपालानं परत आला, तांबड्या शाईनं माखलेला. समासात एकच प्रश्न तीनदा अधोरेखित: 'बांधी म्हणजे बांध, हे तुम्हाला कोणी सांगितलं? शेतात जाऊन विचारा.'

कोणी सांगितलं? कोणीच नाही. मला ते ऐकूनच पटलं होतं. बांध, बांधी, चूक व्हायला जागाच कुठं होती?

जुलैत मामांसोबत शेतात गेलो. बूट धुऱ्यावर काढले, पायजमा गुडघ्यापर्यंत घेतला, वही उंच धरली आणि पहिल्याच पावलाला नडगीपर्यंत आत गेलो. रोवणाऱ्या बाया ओळीनं मागं सरकत होत्या, गाणं म्हणत होत्या, ते थांबलं. मी वहीत बघून विचारलं, "बांधी किसको कहते हैं?" एक म्हातारी कमरेवर हात देऊन सरळ झाली. तिनं माझ्याकडं, मग चिखलाकडं पाहिलं. "जिसमें धँसे हो, वही." माझ्या भोवतीचा सगळा चौकोन, पाणी धरलेला, तो बांधी. ज्यावर माझे बूट होते तो धुरा. म्हणजे तीन लेख, ६,७०० रुपये आणि सोनेरी चौकट, सगळं बांधाच्या चुकीच्या बाजूला उभं राहून केलेलं. तिनं माझ्या हातात एक जुडी दिली आणि रोवून दाखवायला सांगितलं. मी रोवलेली ओळ पाहून ती पुन्हा वाकली आणि काही न बोलता सगळी उपटून नीट लावली. खऱ्या तज्ज्ञांचं परीक्षण कसं असतं, ते मला त्या दिवशी दिसलं, तेही फीशिवाय.

लेख चार वेळा गेला, चार वेळा आला. चौदा महिने. तिकडे जबलपूर-गोंदियाची छोटी गाडी जाऊन ब्रॉडगेज कधीच झाली होती. चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं होतं, म्हणजे आमच्या तांदळाला माझ्या आधी मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०२२मध्ये पीएच.डी.च्या आधी पेपर छापण्याची सक्तीही गेली आणि आमच्या स्टाफरूममधल्या एकानं, ज्यानं नेमके त्याच्या आदल्या महिन्यात पैसे भरले होते, दोन दिवस डबा खाल्ला नाही. मी मात्र शांत होतो. माझा लेख केअर यादीतल्या खऱ्याखुऱ्या मासिकात येणार होता, फक्त रांग लांब होती.

आला. जानेवारी २०२५चा अंक फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमननं दिला. पिवळसर कागद, पान ४१ ते ५६, शुद्धलेखनाची एक चूक, तीही माझ्या आडनावात. मी अंक देवापुढं ठेवला आणि फोन उघडला. त्याच आठवड्यात यूजीसीनं जाहीर केलं होतं, की केअर यादी बंद. निर्णय म्हणे ३ ऑक्टोबर २०२४च्या बैठकीतच झाला होता. त्या दिवशी मी मुद्रितं तपासत होतो. आता यादीबिदी नाही. सुचवलेल्या ३६ निकषांच्या मदतीनं प्रत्येक संस्थेनं स्वतःच ठरवायचं, कोणतं मासिक चांगलं.

आमच्या कॉलेजात लगेच समिती नेमली. तिच्यात पहिलं नाव माझं. मी प्राचार्यांना विचारलं, मीच का? ते गंभीरपणे म्हणाले, "या विषयात तुमच्याइतका अनुभव इथं दुसऱ्या कोणाला आहे?"

समितीचं काम करायचं तर चांगली मासिकं पाहायला हवीत. त्यासाठी सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना काढली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पूर्वी एकेका लेखाला आमचा आठवड्याचा किराणा जाईल एवढे डॉलर मागत, ते लेख आता फुकट. योजना खरोखर मोठी आहे. फक्त ती सरकारी संस्थांसाठी आहे आणि आमचं कॉलेज खासगी. नेशन एक असलं तरी आम्ही धुऱ्यावरच. मुलगी जबलपूरला सरकारी संस्थेत शिकते. सुटीत आली तेव्हा तिनं तिच्या खात्यातून दार उघडून दिलं.

तेरा हजार नियतकालिकं समोर होती.  मी पहिल्यांदा काय केलं असेल? स्वतःचं नाव शोधलं. तिथं काही निघालं नाही. "थांबा बाबा," म्हणत तिनं गूगल स्कॉलरवर टाकलं आणि गप्प झाली.

"बाबा, तुम्हाला कोणीतरी उद्धृत केलंय."

अख्ख्या कारकिर्दीत पहिलं! मी खुर्चीतून उठलो. पिवळसर कागदावरचा लेख असणार, बांधी आणि धुऱ्याचा. नव्हता. त्याला संकेतस्थळच नाही, तर गूगलला कसा दिसणार? उद्धृत झाला होता तो बालवाडीचा. कुठल्याशा आरोग्यविषयक मासिकात, बहुधा दुसऱ्या एखाद्या यंत्रानंच जुळवलेल्या लेखात एक वाक्य होतं: मध्य भारताच्या ग्रामीण भागात बालवयात अवयव-प्रत्यारोपणाची समृद्ध सामूहिक परंपरा आहे. पुढं कंसात मी आणि साल.

मी त्या जुळ्या दुकानाला लिहायचं ठरवलं, की लेख मागं घ्या. पत्ता उघडला, तर तिथं आता रमी चालते. शंभर रुपये बोनस देत होते.

आत्याबाई तेव्हा पलंगावर बसून चिन्नोर निवडत होत्या. मुलगी हसत हसत मला सांगत होती, की निदान एका लेखाला निदान एक उद्धरण मिळालं, म्हणजे नियमाप्रमाणं आता माझा एच-इंडेक्स एक झाला. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं, भिंतीवरच्या चौकटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सहा पॉइंट आठवरून एकवर?" त्या घाबऱ्या होऊन म्हणाल्या. "अगं, जावईबापूंना आधी काहीतरी गोड दे. चक्कर येऊन पडतील."